खडूचे ओझे

मराठी भाषेने पाठीला आणि कंबरेला जेवढे राबवून घेतले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या अवयवाला घेतले असेल. संकट आले की आपण कंबर कसतो. महागाई वाढली की आपले कंबरडे मोडते. मित्राच्या पाठीशी उभे राहतो. शत्रूला पाठ दाखवत नाही, निदान तसे म्हणतो तरी. आणि ज्याला स्वतःचे मत नाही त्याला कणाच नाही असे सांगून मोकळे होतो. हे सारे वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. 'वाक्यात उपयोग करा' असे मुलांना बजावीत आलो आहे. त्यांचा शरीरात उपयोग करण्याची पाळी आपल्यावर येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. ती आली दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीला जेमतेम तीन दिवस उरले असताना, सकाळी सव्वासातच्या तासाला.

आदला दिवस रविवारचा. घरात दिवाळीची साफसफाई जोरात चालली होती. माळ्यावर पितळी भांड्यांनी भरलेली आजीची लोखंडी ट्रंक आहे. "अहो, थांबा, शेजारच्यांना हाक मारते," असे पत्नी म्हणते आहे तोवर मी ती एकट्याने खाली उतरवली. धाकट्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मीही दोन्ही हात कमरेवर ठेवून, आता हे फार झाले असे वाटेपर्यंत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात संतवाङ्मयाचा तास होता. फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू निसटून खाली पडला. खडू तरी केवढा? अर्धा झिजलेला, दहा ग्रॅमही भरला नसता. मी वाकलो आणि कंबरेच्या तळाशी, ओले धोतर पिळावे तसा कुणीतरी पीळ दिला. खडू हातात होता, पण मला वर येता येईना. साठ विद्यार्थ्यांसमोर मी काटकोनात उभा. पहिल्या बाकावरच्या मुलाला वाटले, सरांचे काही हरवले आहे. तो बिचारा बाकाखाली शोधू लागला. मागच्या बाकांवर एकदम शांतता पसरली. विषय संतांचा असल्यामुळे हा नमस्काराचा भाग असावा, अशी तिकडची समजूत झाली असणार.

रिक्षातून घरी कसा आलो ते सांगण्यात अर्थ नाही. पुढचे दोन दिवस मी पलंगावर आणि सल्लागार पलंगाभोवती! कोणी गादी काढून फळी घालायला सांगितले, कोणी पट्टा बांधायला, तर कोणी विटेचा शेक घ्यायला. एका गृहस्थांनी तर पंधरा दिवस कूससुद्धा बदलू नका म्हणून दम दिला. आमच्या डॉक्टरांनी मात्र तपासून सांगितले की पायांत बधिरपणा नाही, ताप नाही, पडझड झालेली नाही. तेव्हा लगेच चित्रे काढायची गरज नाही आणि पडून तर मुळीच राहायचे नाही. बहुतेक कंबरा काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. जेवढे सोसेल तेवढे हिंडा-फिरा. आणि नंतर फिजिओथेरपीसाठी जा.

ती बाई निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी. मी ट्रंकेची सारी कथा ऐकवली आणि खडूचा उल्लेख ओझरता केला. ती हसली.

"सर, ट्रंकेनं काही केलेलं दिसत नाही. ट्रंक उचलताना तुम्ही तयारीत होता. पोट आवळलं होतं, पाय रोवले होते. खडूसाठी कोण तयारी करतं?"

"पण खडूला वजन ते काय?"

"खडूला नाही, तुम्हाला आहे! डोकं, हात आणि धड मिळून शरीराचं निम्म्याहून जास्त वजन कमरेच्या वर असतं. खडू उचलायला वाकलेला माणूस खडू उचलत नसतो, सर. तो स्वतःला उचलत असतो."

वीस वर्षांत एखाद्या विद्यार्थ्याने मला इतके नेमके वाक्य ऐकवल्याचे आठवत नाही. शिवाय वेळही सकाळची होती. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात; म्हणूनच सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. त्या फुगलेल्या चकत्यांना वाकणे अधिक जड जाते. उठल्यानंतर पहिला तास-दोन तास कंबरेतून खोल वाकू नये, असे हे लोक सांगतात त्याचे कारण हे.

पाठीचा कणा म्हणजे इमारतीच्या खांबासारखा काहीतरी भक्कम प्रकार, अशी माझी कल्पना होती. ती तेथेच मोडली. मोजायला गेले तर कण्यात तेहतीस मणके: मानेचे सात, पाठीचे बारा, कंबरेचे पाच, आणि खाली एकजीव झालेले माकडहाडापर्यंतचे नऊ. पण स्नायू काढून टाकले, आणि नुसती हाडे, चकत्या आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध तेवढे ठेवले, तर हा कणा किती भार पेलतो? अमेरिकेतील येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मृत माणसांच्या कंबरेच्या मणक्यांवर हे मोजून पाहिले. सुमारे नव्वद न्यूटन, म्हणजे नऊ किलोच्या आसपास वजन ठेवले की तो बाजूला लवून कोसळतो! तांदळाची दहा किलोची पिशवीसुद्धा त्याला झेपत नाही. आणि आपण तर त्याच्यावर आख्खा संसार घेऊन हिंडत असतो.

मग तो उभा कसा राहतो? मला लहानपणची आमच्या चाळीची गच्ची आठवली. दिवाळीत सार्वजनिक आकाशकंदिलासाठी तेथे एक उंच बांबू उभा करीत. बांबू कसा भक्कम आहे असे आम्ही पोरे म्हणत असू. पण खरे काम करीत ते चारी बाजूंनी ताणून बांधलेले दोरीचे तणावे. सगळे सारखे ताणलेले असले की वारा सुटला तरी कंदील शांत. एक जरी सैल पडला तरी बांबू झुलायला लागे, आणि कितीही जाड असला तरी त्याचा उपयोग नसे.

आपल्या धडाचे असेच आहे. मागे, मणक्या-मणक्याला चिकटून आखूड स्नायूंची एक वीण आहे. वैद्यकात तिला मल्टिफिडस म्हणतात. पुढे आणि बाजूंनी पोटाच्या भिंतीत स्नायूंचे थरावर थर आहेत. त्यातला सर्वांत आतला थर, ट्रान्सव्हर्सस नावाचा, पाठीकडून निघून पोटाभोवती आडवा गुंडाळलेला असतो. निसर्गाने जन्मतःच दिलेला कंबरपट्टा म्हणा ना! वर झाकणासारखे श्वासपटल आणि खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. हे चारही जण एकाच वेळी हलकेच आवळले गेले की पोटाच्या पोकळीतला दाब वाढतो आणि ती पोकळीच कण्याला आधार देते. ठासून भरलेले ज्वारीचे पोते भिंतीशिवाय उभे राहते आणि अर्धे रिकामे पोते बसकण मारते, तसा हा प्रकार.

येथपर्यंत सारे बळाचे झाले. पण खरी मेख पुढेच आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला उभे करायचे, खूण झाली की हात उचलायला सांगायचे, आणि कोणता स्नायू केव्हा आवळला जातो ते विजेच्या तारांनी टिपायचे. निरोगी माणसात खांद्याच्या स्नायूच्याही आधी पोटातला तो आडवा पट्टा आवळला जात होता! हात हलणार आहे ही बातमी पोटाला अगोदरच लागलेली असते. ज्यांना वारंवार कंबरदुखी होते अशांत मात्र हा पट्टा उशिरा जागा होत होता. म्हणजे प्रश्न केवळ ताकदीचा नाही, वेळेवर हजर राहण्याचा आहे. प्राध्यापकाला हे पटायला वेळ लागला नाही. वर्गात हुशार मुलगा असून भागत नाही, तो तासाला यावा लागतो.

त्याच विद्यापीठातील ज्युली हाइड्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रोग्यांचे दुखणे काही आठवड्यांत थांबले. पण मल्टिफिडस मात्र आपोआप पूर्ववत झाला नाही, दुखऱ्या बाजूला तो रोडावलेलाच राहिला. पुढे २००१ साली त्यांनी एकोणचाळीस रोग्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांनी त्या स्नायूचे खास व्यायाम केले होते त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा दुखले; ज्यांनी केले नव्हते त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांना. रोगी थोडे होते हे खरे. तरीपण दुखणे गेले म्हणजे काम झाले, या आपल्या लाडक्या समजुतीला त्याने धक्का बसतो.

आता व्यायाम. 'पोटाचा व्यायाम' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते पाठीवर पडून पुन्हा पुन्हा उठून बसणे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी मोजले तेव्हा अशा एका उठाबशीने कण्यावर तीन हजार न्यूटनांहून अधिक दाब पडतो असे दिसले. म्हणजे तीनशे किलोंच्या पुढे! दुखऱ्या कंबरेला हे औषध म्हणजे तहानलेल्याला मीठ. धडाच्या स्नायूंचे मुख्य काम हलण्याचे नाहीच. हातपाय हलत असताना स्वतः स्थिर राहण्याचे आहे. तेव्हा त्यांना शिकवायचे तेही तेच. मॅकगिल यांनी निवडलेले तीन प्रकार मला देण्यात आले.

पहिला: उताणे पडायचे, एक गुडघा मुडपायचा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवायचे, म्हणजे ती पोकळी सपाट होत नाही. मग डोके आणि खांदे उशीवरून कागद सरकेल इतपतच उचलायचे आणि धरून ठेवायचे. दुसरा: कुशीवर पडून, कोपर बरोबर खांद्याखाली घेऊन, कोपरावर आणि मुडपलेल्या गुडघ्यांवर भार देऊन कंबर उचलायची, पुढे सवय झाली की गुडघ्यांऐवजी पावलांवर. तिसरा: लहान मुलाला पाठीवर बसवायला आपण घोडा होतो तसे व्हायचे, आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे असे एकदम लांब करायचे, नंतर उलट. पाठीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आहे असे समजायचे आणि तो सांडू द्यायचा नाही.

प्रत्येक वेळी मोजून दहा सेकंद. श्वास रोखायचा नाही. आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार वेळा, मग दोन. संपले! मला वाटले, ही थट्टा आहे. तरुणपणी आखाड्यात शंभर दंड काढणारे लोक मी पाहिले होते. पण त्या दंडाच्या पहिल्या पवित्र्यात, हात आणि चवडे जमिनीवर आणि शरीर फळीसारखे सरळ, किंवा सूर्यनमस्कारात तसेच सरळ होताना आपण नेमके हेच करीत असतो. फक्त संख्येच्या घाईत तेथे थांबत नाही इतकेच. आम्ही सूर्यनमस्कार मोजले. त्यांतले थांबणे मोजले नाही. "सर, इथे जोर नको, चिवटपणा हवा," विद्यार्थिनी म्हणाली. "दिवसभर थोडं थोडं काम करणारे स्नायू आहेत हे. त्यांना एकदाच खूप दमवून उपयोग नाही."

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी सतरंजीवर घोडा झालो होतो. पत्नी फडके हातात घेऊन दारात उभी राहून पाहत होती.

"हे तर आम्ही फरशी पुसतो तसंच आहे की!"

"मग करून दाखव."

ती पदर खोचून शेजारी आली. हात पुढे केला, पाय मागे नेला. मी ऐटीत मोजू लागलो: एक, दोन, तीन... चारला तिची कंबर एका बाजूला कलली, हात थरथरला आणि तिने ओठ दाबून धरला. ही बाई घरातला गॅसचा सिलिंडर एकटीने सरकवते. दिवाळीत दोन दिवस ओट्याशी उभी राहून तीन घरांना पुरेल एवढा फराळ करते. ती चारच्या पुढे जाऊ शकली नाही.

"दुखतंय?" मी विचारले.

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे केव्हापासून?"

"धाकटीच्या वेळेपासून."

धाकटी त्या वेळी अकरा वर्षांची होती.

"अगं, अकरा वर्षं! मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं की. कंबर धरते म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, बाम लाव. मग 'धरणे' हे क्रियापद इथे सकर्मक की अकर्मक, यावर बराच वेळ बोलत बसलात."

मला ते आठवत नव्हते. पण ते खरे असणार याविषयी मला तिळमात्र शंका वाटली नाही.

माझ्या कंबरेसाठी घरात दोन दिवस सल्लागारांची रीघ लागली होती. डॉक्टर झाले, रजा झाली, विद्यार्थिनी झाली, सतरंजी आली. तिच्या कंबरेसाठी बामची बाटली, तीही संपली की तिनेच आणलेली. आपल्याकडे बाळंतिणीचे सव्वा महिना कौतुक होते. डिंकाचे लाडू होतात, शेकशेगडी होते, पोटाला घट्ट कापड बांधतात. ते कापड बाहेरून आधार देते. आतल्या पट्ट्याचे काय झाले, हे कोणी पाहत नाही. गरोदरपणात पोटाच्या भिंतीचे स्नायू ताणले जातात, मधल्या रेषेशी एकमेकांपासून दूर होतात. तळाचे स्नायूही सैलावतात. पुष्कळ जणींचे काही महिन्यांत भरून येते. काहींचे येत नाही. अशीच्या हातात सव्वा महिन्यानंतर आपण पाण्याची बादली देतो आणि म्हणतो, 'बायकांची कंबर दुखायचीच.'

'धड' या शब्दाकडे माझे लक्ष त्या रात्री गेले. नाम म्हणून त्याचा अर्थ डोके आणि हातपाय वगळून उरलेले शरीर. विशेषण म्हणून त्याचा अर्थ नीट, शाबूत. धड बसता येत नाही, धड उभे राहता येत नाही, असे आपण सहज बोलून जातो. दोन्ही शब्दांचे नाते काय, यावर पंडितांनी वाद घालावा. मी एकदा कंबरेच्या बाबतीत व्याकरण काढून बसलो होतो. पुन्हा ती चूक करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्नीला विद्यार्थिनीकडे घेऊन गेलो. तिची सुरुवात माझ्याहून वेगळी झाली. आधी नुसता श्वास, मग श्वास सोडताना ओटीपोटाचा तळ हलकेच वर ओढणे, मग पडल्या पडल्या एक पाय सरकवणे. घोडा होण्याची पाळी दीड महिन्याने आली. पहिल्यांदा दहापर्यंत मोजले तेव्हा मोजणारी धाकटी होती, आणि तिने टाळ्याही वाजवल्या. ट्रंकेपेक्षा त्या टाळ्या अधिक रास्त होत्या असे मला वाटते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाभ्याचे हे व्यायाम म्हणजे जादू, असा त्यांचा मध्यंतरी फार बोलबाला झाला. आणि २०१० साली एयाल लेडरमन या इंग्लंडमधल्या उपचारकाने त्या भ्रमावर एक खरमरीत लेखही लिहिला. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली जुनाट कंबरदुखीवरचे सारे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा की काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारापेक्षा हे व्यायाम बरे. पण इतर चांगल्या व्यायामांहून ते सरस आहेत असे नाही. तेव्हा तुम्ही चालत असाल, पोहत असाल, नियमाने सूर्यनमस्कार घालत असाल, तर ते सोडून सतरंजीवर घोडा होण्याचे कारण नाही. आणि पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, दुखण्याबरोबर ताप आला किंवा वजन उतरू लागले, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. पहिल्या दोन लक्षणांना तर त्याच दिवशी. मी जे सांगतो आहे ते एवढेच, की कणा हा ताठ दिसण्यावर उभा नसतो. कोणाला न दिसणारे चार जण वेळेवर हजर राहतात म्हणून तो उभा असतो. ते रोज थोडे थोडे राबतात आणि दुखेपर्यंत त्यांची कोणी विचारपूस करीत नाही. हे वाक्य लिहिल्यावर लक्षात आले की मी केवळ स्नायूंबद्दल लिहीत नाही.

अजूनही वर्गात खडू पडतो. मी गुडघे मुडपतो, पोट किंचित आवळतो आणि कंबर सरळ ठेवून तो उचलतो. मुले हसतात. हसू देत. त्यांची अजून पंचेचाळिशी यायची आहे.

यंदा ट्रंक आम्ही दोघांनी मिळून उतरवली. काल चकल्यांचे पीठ भिजवून झाले. मी हे लिहीत बसलो होतो, एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, लेख झाला असेल तर सोऱ्या धरायला या. भाजणी घट्ट झालीय, जोर लागतोय."

"तुझा व्यायाम होईल," मी बसल्या जागेवरून म्हटले.

"माझा सकाळीच झालाय," ती म्हणाली. "या. तुम्हाला कणा आहे, असं ऐकलंय मी."